तुरुंगाच्या वहीतले आभार

आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावाहून डब्लिनला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या आसनावर एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची सून बसली होती. कागदपत्रांच्या घोळामुळे विमानतळावरून त्या गृहस्थांना थेट तुरुंगात नेऊन दोन दिवस ठेवले होते, एवढे मला आरंभीच समजले.

“बाबा, नुकसानभरपाईचा दावा फेटाळला तो तुमच्या त्या दोन ओळींमुळे. अपिलाची मुदत उद्या संपते. सुटताना ‘व्यवस्था उत्तम, आभारी आहे’ असं का लिहिलंत?”

“वैदेही, त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. निघताना चांगलं लिहितात.”

“ते काय मंगल कार्यालय होतं? मधुमेहाच्या गोळ्या दिल्या नाहीत तुम्हाला.”

“नाहीच दिल्या.”

“मग दबावाखाली लिहिलं, असं वकिलांना सांगाल?”

“खोटं कसं सांगू? त्या शिपायानं स्वतःचं पेन दिलं. वर ‘ग्रँड’ म्हणाला, म्हणजे इथलं ‘छान’.”

“म्हणजे अपील संपलंच.”

“का? खाली सगळं लिहिलंय की.”

“खाली? मराठीतल्या त्या ओळी? वकिलांना वाटलं, तुमचा पत्ता आहे.”

“पत्ता कसला? गोळ्या किती वाजता मागितल्या, कोण नाही म्हणालं, मला चक्कर कधी आली, सगळं क्रमानं आहे.”

“बाबा, हे इंग्रजीत का नाही लिहिलंत?”

“तो समोर उभा होता गं. त्याला वाचता येईल अशी तक्रार कशी लिहायची?”

तिने लगेच वकिलांना फोन लावून इंग्रजीत विचारले, “मिस्टर नोलन, उद्यापर्यंत मराठीचा अनुवादक मिळेल का?”