आत्याच्या कानाचा मोबाईल

मोबाईल घ्यायचा तर आमच्या सरूआत्यासारखा पारखून घ्यावा गड्यांनो. आत्या पलूसला असती, शाळेत बाई हुती. तिच्या कानात ऐकायचं यंत्र हाय आणि त्याचा आवाज मोबाईलमधल्या अ‍ॅपवरनं कमी-जास्त करावा लागतो. जुना मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला आणि आत्याला नीट ऐकू येईना झालं.

आमी दोघं दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "आवं बाई, ह्यात सगळी अ‍ॅपं चालत्यात."

मी ते आत्याच्या कानाशी वरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं अ‍ॅप हितंच चालवून दाखवा."

पहिल्या मोबाईलवर अ‍ॅप उतरलंच न्हाई. दुसऱ्यावर उतरलं, पण त्याला यंत्र सापडंना. दुकानदार म्हणाला, "घरी गेल्यावर आपोआप जोडंल."

मला लाज वाटाय लागली. म्हटलं, "आत्या, घेऊया की हाच."

"नात नुकती बोलाय लागलीया," आत्या म्हणाली. "तिचं बोलणं मला ऐकायचं हाय. तिसरा काढा."

तिसऱ्यावर यंत्र जोडलं गेलं. आत्यानं बोटानं आवाज वर सरकवला. तेवढ्यात दुकानदार पार मागच्या कोपऱ्यात जाऊन बायकोला फोनवर पुटपुटला, "येतो गं जेवाय, पण ही म्हातारी हालंल तवा."

मला ते अर्धंच कळलं. आत्या मात्र खुर्चीतनं उठली आणि म्हणाली, "हाच द्या. बिल करा, म्हातारी आता हालती."