भाडं शून्य, वरचं वेगळं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे स्टेशन मॅनेजर साहेब. व्यासपीठावरच्या कार्गो विभागाच्या मोठ्या बाई आणि युनियनचे सेक्रेटरी. समोर बसलेले काउंटरवरचे, सामान चढवणारे, विमान धुणारे-पुसणारे माझे सगळे दीर आणि नणंदा. आणि मागच्या दाराशी, चहाच्या किटलीवर डोळा ठेवून उभी असलेली मंडळी,

यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मला फक्त फुलं घ्यायला बोलावलं होतं. ‘वहिनी, दोन शब्द बोला’ हे स्टेजवर चढल्यावर कळलं. आता माइक हातात आलाच आहे, तर तो परत कधी मिळेल याची हमी नाही. आमचे हे मला मघापासून डोळ्यांनी गप्प बसायची खूण करताहेत. ती मला दिसलेली नाही.

मंडळी, माझं लग्न ठरलं ते एका वाक्यावर. ‘मुलगा विमान कंपनीत, बायकोसकट वर्षातून एकदा विमान फुकट!’ बाबांनी हे वाक्य वाण्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, बँकेतल्या कॅशियरलाही सांगितलं. मी विचारलं, ‘बाबा, मुलगा स्वभावाने कसा आहे?’ तर म्हणतात, ‘अगं, विमान आहे त्याला!’

लग्नानंतर आमची पहिली सहल. ठेवणीतली साडी नेसून मी काउंटरशी उभी. हे म्हणाले, ‘तुझ्या पर्समधले पैसे काढ जरा.’ मी म्हटलं, ‘कशाला? फुकट आहे ना?’ ‘भाडं फुकट. वरचं भरावं लागतं.’ वरचं म्हणजे काय? तर विमानतळाचं शुल्क, सुरक्षेचं शुल्क, प्रवासी सेवा शुल्क. मी म्हटलं, माझी मी चालत जाऊन बसणार आहे, सेवा कसली घेताय? तरी भरले. मग कळलं, पैसे भरले म्हणजे जागा मिळाली असं नाही. पूर्ण भाड्याचे सगळे बसल्यावर जागा उरली, तर आम्ही. त्या दिवशी नाही उरली. दूधवाल्याला आठ दिवस नको म्हणून सांगून निघालो होतो, दुपारी बॅगांसकट घरी! शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘इतक्यात जाऊन आलात? विमान वेगवान असतं हो!’

पण काय दिवस होते ते! आपलं जुनं विमानतळ आठवतंय ना? बसकी इमारत, वर गच्ची. पोहोचवायला आलेले लोक गच्चीवरून रुमाल हलवायचे, आणि विमानातल्या माणसाला तो रुमाल खरंच दिसायचा. काट्याचा वजनकाटा होता. तिकीट हाताने लिहायचे, खाली लाल कार्बन. यांची बोटं कायम लाल, आणि त्या बोटांनी हे कॉलर नीट करायचे. किती कॉलरी घासल्या असतील मी! तेव्हा ते ‘वरचं’ तिकिटाच्या एका कोपऱ्यात मावायचं. मग ते वाढायला लागलं. तेल महागलं म्हणून इंधन अधिभार आला. तेल उतरलं, अधिभार हलला नाही. मी विचारायची, ‘हा कधी उतरणार?’ हे म्हणायचे, ‘ते वरून ठरतं.’ वरून म्हणजे कुठून, ते यांनाही ठाऊक नव्हतं. आणि लोकांचा राग यांच्यावर! माझा सख्खा भाऊ, नात्यातल्या एका भर लग्नात, हातात ताट घेऊन ओरडला, ‘भावोजी, भाडं एवढंसं आणि त्याच्यावर कर एवढा? लुटता काय आम्हाला?’ जसं काही हे तो कर डब्यात भरून घरीच आणत होते. हे शांतपणे जेवता जेवता त्याला एकेक शुल्क समजावत बसले. वधूवर पुढच्या पंगतीसाठी ताटकळले.

आता जे सांगणार आहे, ते यांना आवडणार नाही. सांगू? सांगतेच.

आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण. ती तिकडे परदेशात, जावई फिरतीवर, घरात दुसरं कुणी नाही. मी फुकटच्या तिकिटाचं वरचं सगळं भरून, बॅगेत झबली-टोपडी घेऊन गेटवर बसलेली. आणि गेटवर ड्युटी कुणाची? यांचीच. विमानात जागा उरली एक. वाट बघणारे आम्ही दोघं. मी, आणि एक गृहस्थ. घाईत पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आलेले. मला म्हणाले, ‘बाबा दवाखान्यात आहेत, आई एकटी आहे.’ त्यांनी त्याच सकाळी पूर्ण भाड्याचं, पण प्रतीक्षा यादीतलं, तिकीट काढलं होतं. मी यांच्याकडे बघत होते. हे हातातल्या यादीच्या कागदाकडे बघत होते. यांनी त्या गृहस्थांचं नाव पुकारलं.

मी बसस्टॉपवर उभी असताना ते विमान माझ्या डोक्यावरून गेलं. नातवाचं पहिलं रडणं मी फोनवर ऐकलं.

वर गंमत बघा. त्या तिकिटाचे पैसे परत आले, त्यातून इंधन अधिभार कापलेला! ज्या विमानाने मला नेलंच नाही, त्याच्या तेलाचे पैसे माझ्याकडून? मी आधी पोटभर हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे मागून आले, कप विसळता विसळता म्हणाले, ‘तुझ्याकडे बघितलं असतं, तर चुकीचं नाव पुकारलं असतं.’

मी म्हटलं, ‘मग चुकायचं होतं एकदा.’

त्या गृहस्थांवर माझा राग नव्हता, आजही नाही. यांच्यावर होता. नियम बरोबर होता हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त होता. त्यानंतर आम्ही गेलो लेकीकडे दोन-तीनदा, जागा उरली तेव्हा. नातू आता फोनवर ‘कशी आहेस’ विचारत नाही. विचारतो, ‘आजी, जागा उरली का?’

लेक पुन्हा बाळंत होणार आहे, याच आठवड्यात. आणि गेल्या महिन्यात हे आपल्याच काउंटरवर, सगळ्यांच्या मागे, रांगेत उभे राहिले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, ‘काका, तुमचा पास आहे की!’ हे म्हणाले, ‘माहीत आहे. दोन तिकिटं, पूर्ण भाडं लाव. वरचं सगळं लाव.’ वरचं आता भाड्याच्या बरोबरीला आलंय, मंडळी. मी जन्मभर एकेका शुल्कावरून भांडले. त्या दिवशी सगळी शुल्कं वाचली आणि पैसे पुढे केले. म्हटलं, घ्या बाबांनो, काय घ्यायचं ते घ्या.

तुम्ही सगळ्यांनी यांना जीव लावला, याबद्दल आमच्या घरातर्फे मनापासून आभार. अध्यक्षमहाराज, वेळ जास्त घेतला. तोंडाला येईल ते बोलले. काही उणंअधिक झालं असेल तर वहिनी म्हणून पोटात घाला.

आणि उद्या सकाळी आम्ही लेकीकडे निघू, तेव्हा गेटवर तुमच्यापैकी ज्याची ड्युटी असेल, त्याला एक विनंती. हे सवयीने बाजूच्या खांबाशी जाऊन उभे राहतील, सगळे चढेपर्यंत थांबतील. त्यांना हाताला धरून रांगेत आणा. आणि मला पुकाराल ना, तेव्हा कागद यांच्या हातात द्या. माझं नाव यांना पुकारू द्या, माझ्याकडे बघून.