काळ्या घोड्याची नाल

विरार स्टेशनबाहेर आगाशीच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी होत्या. भाजी विकून घरी परतणाऱ्या फ्लॉसीबाई आणि चंदनसारच्या एक ताई, नवी साडी नेसलेल्या. ओळख रांगेतच झालेली. फ्लॉसीबाई सांगत होत्या,

“आमच्या शेजारच्या टांगेवाल्याचा घोडा पावसाळ्यापासून पडून आहे. पाय गेलेत. एका कुशीवर पडून कातडं सोललंय.”

“अरेरे! डॉक्टरला नाही दाखवला?”

“दाखवला ना. डॉक्टर बोलला, इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला. टांगेवाला बोलतो, मुक्या जिवाला मारायचं पाप कोण घेणार?”

“आणि असं कुजत ठेवायचं, ते पाप नाही?”

“वर दर शनिवारी त्याला नाल ठोकतो.”

“जो चालतच नाही, त्याला नाल कशाला?”

“त्याला नाय, लोकांना पायजे. काळा घोडा ना! जिवंत घोड्याच्या पायातली काढून दारावर लावली, की भरभराट होते म्हणे. शनिवारी अंगणात रांग लागते. हा ठोकतो, काढतो, परत ठोकतो. खुराची चाळण झालीय.”

“लोकांना लाजा कशा वाटत नाहीत!”

“घोडा कुठं दिसतो त्यांना? हा गोठ्यातून नाल आणून देतो, ते कपाळाला लावून घेतात. चला, बस आली. आगाशीत कुणाकडे तुम्ही?”

“अशीच... देवळात.”

“मग बाजारात उतरा.”

“फ्लॉसीबाई, नाल काढताना दुखतं का हो त्याला?”

“ओरडत नाय. बघत राहतो नुसता.”

“मुलाच्या नव्या दाराला हवी होती हो. एकच.”