अकरा दहाची नोंद

आदरणीय अध्यक्ष भैयाजी, मंचावर बसलेले आपल्या आरोग्य संस्थेचे विश्वस्त आणि पाहुणे, गडचिरोली कार्यालयातले सर्व सहकारी, उपकेंद्रांतून एसटीने सकाळपासून प्रवास करून आलेल्या परिचारिका, आणि चौथ्या रांगेत बसलेल्या गिरजाबाई,

निरोपाचं भाषण मी लिहून आणलं आहे, कारण दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २००४ साली, मी एका अहवालावर खोटं कारण लिहून सही केली. उद्यापासून कार्यभार रुपाली यांच्याकडे असेल आणि पुढच्या महिन्यात नवा सर्व्हर येईल. जुनी यादी साफ करताना कुणी त्या अहवालावर भरवसा ठेवू नये.

आपल्या कार्यालयाची हालचाल नोंदवही सर्वांना माहीत आहे. बाहेर जाणाऱ्याने कुठे चाललो, किती वाजता निघालो आणि केव्हा परतलो ते तिच्यात लिहायचं. या वहीवरून मी किती जणांना बोललेय, ते इथे विचारू नका. अर्धं सभागृह हात वर करेल. संगणक आले तेव्हा मी आदेश काढला, की ही नोंद वहीत आणि संगणकात, दोन्हीकडे झाली पाहिजे.

देवराव आमच्याकडे मलेरियाच्या रक्तनमुन्यांचे अहवाल संगणकावर चढवायचे. सर्व्हरही तेच सांभाळायचे. ते मला म्हणाले होते, "बाई, संगणकात कुठी लिहू? तिथी तसा रकानाच नाई."

मी म्हणाले, "जागा दिसेल तिथे लिहा. नोंद चुकता कामा नये."

ऑगस्टमध्ये ते भामरागडच्या वाटेवरच्या एका उपकेंद्राचा संगणक दुरुस्त करायला निघाले. वहीत निघण्याची वेळ अकरा दहा आहे. नदीला पाणी होतं. डोंगा चालवणारे इस्तारी सांगतात, "म्या त्यायले पलीकडं उतरवलं. बॅग डोक्यावर घेऊन चढण चढले. वरून हातबी केला." चढणीच्या माथ्यावरून उपकेंद्र दिसतं, हाकेच्या अंतरावर आहे. तिथे देवराव पोचले नाहीत. पोलिसांनी शोधलं, वनखात्याने शोधलं. चिखलात पावलं होती. माथ्यापर्यंत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा ईमेल बंद पडला.

खिडकी उघडायची, आपलं नाव यायचं आणि डोळ्यांदेखत सगळं मिटायचं. आमचे शिपाई लटारूभाऊ म्हणाले, "बाई, मशीनले ताप आला असन. रक्त घेऊन पाहू का?" तेव्हा लोक हसले. चौथ्या दिवशी हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली, की देवरावभाऊच उघडू देऊन नाई राह्यले. रक्ताचे अहवाल बसने चंद्रपूरला जाऊ लागले. तापाने फणफणलेलं पोर बसच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही, हे या सभागृहात मी कुणाला सांगायचं?

संगणक दुरुस्त करणाऱ्या प्रफुल यांना चंद्रपूरहून बोलावलं. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट हेरली. लटारूभाऊंचं नाव सर्व्हरच्या यादीत नव्हतं. त्यांच्यासाठी एका यंत्रापुरतं वेगळं खातं काढलं, तर ईमेल सरळ उघडला. ज्यांची नावं सर्व्हरच्या यादीत होती, त्या सर्वांचा मिटत होता. माझासुद्धा.

"पाहा बाई," लटारूभाऊ म्हणाले, "एवढ्या सायबायत मीच एक चाललो."

प्रफुल यांनी यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद काढली. ईमेलचा प्रोग्रॅम उघडताना यादीतलं एकेक नाव वाचतो आणि प्रत्येकाचं घर, म्हणजे सर्व्हरवरचा त्याचा फोल्डर, जागेवर आहे का ते पाहतो. तो दरवेळी एकाच नावाशी कोसळत होता. देवरावांच्या. घराच्या रकान्यात फोल्डरचा पत्ता नव्हता. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता: 'येतो'.

त्यांनी माझा आदेश पाळला होता. जागा दिसली तिथे लिहिलं होतं.

मी म्हणाले, पुसा. प्रफुल यांनी जुना पत्ता भरला आणि ईमेल उघडला. दुसऱ्या सकाळी पुन्हा मिटला. रकान्यात 'येतो'. ते म्हणाले, यादीची एक प्रत चंद्रपूरच्या यंत्रावर असते, तिथून परत येत असेल. तिथलंही पुसलं. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी रकान्यात 'येतो'.

त्याच दुपारी गिरजाबाई आल्या. लटारूभाऊंनी त्यांना सांगितलं होतं. देवराव त्यांचे यजमान, हे पाहुण्यांसाठी सांगते. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"बाई, तुमी त्यायचं लिवलेलं पुसून राह्यले म्हणते."

मी म्हणाले, "त्याने सगळ्यांचं काम अडलंय, गिरजाबाई."

"लोकं मले कुकू पुसाले सांगून राह्यले. तुमी हे पुसता. मंग तो येईन तं कायच्या भरवशावर येईन? घरून निंगतानी त्यानं मलेबी येतोच म्हटलं. तो कधी लबाड बोलला नाई. तुमच्यापाशी बोलला का, सांगा."

मी प्रफुल यांना विचारलं, "पुसायचं नसेल तर काय करता येईल?"

ते म्हणाले, "मॅडम, प्रोग्रॅम त्या नावाचं घर शोधतो. सापडत नाही म्हणून कोसळतो."

"मग त्या नावाचं घर करा."

त्यांनी सर्व्हरवर 'येतो' नावाचा रिकामा फोल्डर केला. ईमेल उघडला. त्या दिवसापासून आजवर एकदाही मिटलेला नाही.

अहवालात मी 'विजेच्या दाबातील दोष' असं लिहिलं. खरं कारण लिहायचं तर माझा आदेश लिहावा लागला असता. तो आज सांगितला.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या फोल्डरसमोर 'शेवटचा बदल' असा रकाना आहे. तिथे रोज त्या दिवसाची तारीख येते. प्रफुल म्हणाले, प्रोग्रॅम रोज तिथे डोकावतो, म्हणून येत असेल. मला ते पटलं. पण कार्यालय दहाला उघडतं, प्रोग्रॅम दहाला सुरू होतो, आणि रकान्यात वेळ येते ती अकरा दहाची. रविवारीही येते, यंत्रांना हात लावायला कुणी नसताना. फोल्डर रिकामाच असतो. मी दोन वर्षं रोज पाहिला आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नोंदीवर आहे, म्हणून ही नोंद सांगितली.

आपण शाल दिलीत, चांगलं बोललात, आभारी आहे. पस्तीस वर्षांत माझ्या जिभेने कुणाला लागलं असेल, तर ते कामापुरतं होतं असं समजून सोडून द्यावं. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास पदरात घ्यावं.

आता हस्तांतरण. कपाटाच्या किल्ल्या तीन, शिक्के दोन, सर्व्हरच्या पासवर्डचं बंद पाकीट एक, दुरुस्त केलेला अहवाल एक, आणि नव्या यंत्रावर तसाच न्यायचा रिकामा फोल्डर एक. हे रुपाली यांना मिळालं, त्यांची सही आहे. देवरावांच्या नोंदीची छापील प्रत गिरजाबाईंना मिळाली, त्यांचा अंगठा आहे.

हालचाल नोंदवही, खंड सातवा, हाही रुपाली यांच्याकडे. त्यात शेवटची नोंद माझी आहे. परतण्याच्या वेळेच्या रकान्यात मी स्वतः आडवी रेघ मारली आहे. देवरावांचा रकाना कोरा आहे. तिथे कुणी रेघ मारू नये.