एका दुधावरची पिल्ले

(बंगळूर, १९६४. लस तयार करणाऱ्या एका संस्थेचे उंदीरघर; सकाळची वेळ. संस्थेचे प्रमुख डॉ. व्यंकोजीराव, संशोधक कौशल्या आणि उंदरांची देखभाल करणारा कल्लाप्पा.)

व्यंकोजीराव : ...तेव्हा माझा आक्षेप नीट ऐकून घ्या, कौशल्याबाई. उंदीर मेला नाही, एवढ्यावरून उंदीर बलवान ठरत नाही. फ्ल्यूचा विषाणूच दुबळा असू शकतो.

कौशल्या : म्हणून तर या खेपेला मी कुपीला हातही लावला नाही, सर. विषाणू तुम्ही निवडलात, गुंगीचं इथर तुम्ही हुंगवलंत, नाकात थेंबही तुम्हीच सोडलेत.

व्यंकोजीराव : सोडले, आणि कोणत्या पिंजऱ्यात काय दिसेल याची मला यत्किंचितही कल्पना नाही. ती एकट्या कल्लाप्पाला आहे.

कल्लाप्पा : मला बोलायची बंदी घातलासा की, सायेब.

व्यंकोजीराव : ती अजून उठलेली नाही. बाई, संस्थेची अडचणही ध्यानात घ्या. लस न टोचलेला उंदीर मेला, तरच टोचलेला जगला याला काही अर्थ. तुमचे हे चिवट उंदीर न टोचताच जगतात. आमच्या परीक्षेचे ते वैरीच. उद्या हा सारा वंश मारून पिंजरे मोकळे करावेत, असा हुकूम मी काढला आहे.

कल्लाप्पा : मेला तर कामाचा, जगला तर गुन्हेगार. असला न्याय आमच्या गावात नव्हता, अक्का.

कौशल्या : उद्या ते गेले तर पुन्हा मिळायचे नाहीत, सर. ज्या प्रयोगशाळेनं हे पाठवले तिच्याकडेही आता एक शिल्लक नाही.

व्यंकोजीराव : कीव हा युक्तिवाद नव्हे. माझा दुसरा आक्षेप दुधाचा. आईला हा रोग पूर्वी होऊन गेला असेल, तर तिच्या दुधातून पिल्लांना संरक्षण मिळते. मग उपजत चिवटपणाचे तुमचे ते जनुक कशाला हवे?

कौशल्या : म्हणून चिवटपणा मी बापाकडून आणला. चिवट नर, साधी मादी. त्यांची पिल्लं विषाणू देऊनही सगळी जगली. त्यांच्यातले नर पुन्हा साध्या माद्यांना दिले. हा पिंजरा त्या नातवंडांचा. सगळी एकाच मादीची.

व्यंकोजीराव : म्हणजे विषाणू दुबळा असेल तर सारी जगतील, आणि दूध हेच कारण असेल तर सारी एकत्र तरतील, किंवा सारी एकत्र बुडतील.

कौशल्या : आणि एकच जनुक असेल, तर साधारण निम्मी जातील, निम्मी राहतील. बापाजवळ त्याची एकच प्रत; ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असं नाही.

व्यंकोजीराव : सरी, ठीक आहे. कल्लाप्पा, आधी साध्या उंदरांचा पिंजरा. त्यांनाही त्याच कुपीतले दिले होते.

कल्लाप्पा : त्यात काय बघायचं. सगळे आडवे. तुम्हीच मेलेले काढू नको म्हटलासा, म्हणून ठेवलो.

व्यंकोजीराव : कात्री द्या... फुप्फुस यकृतासारखे घट्ट झाले आहे. विषाणू दुबळा नव्हता. पहिला आक्षेप मी मागे घेतो.

कौशल्या : आता नातवंडांचा. मी उघडू?

व्यंकोजीराव : नको, मीच उघडतो... हं.

कौशल्या : सर?

व्यंकोजीराव : थांबा, मला नीट पाहू द्या. ही इकडची, जवळजवळ निम्मी, गेलेली. हा कोपऱ्यातला भुसा उकरतो आहे. ही दोघे चण्यावरून भांडत आहेत. आणि त्यांतला एक ज्याच्यावर पाय देऊन उभा आहे, तो त्याचाच भाऊ, मेलेला.

कौशल्या : एकाच आईची, सर.

व्यंकोजीराव : एकाच दुधाची. दुसरा आक्षेपही संपला. बाई, बापाकडून वळसा घालून दुधाची वाट अडवणे, ही फार देखणी युक्ती आहे. मला हरणे रुचत नाही. पण असे हरवले जाणे हाही एक लाभच. आता सांगा, हे जनुक करते तरी काय?

कौशल्या : ठाऊक नाही. एवढंच दिसतं, की विषाणू फुप्फुसात शिरतो. पण तिथे वाढत नाही. आणि मेंदूज्वराचा विषाणू दिला, तर हेच उंदीर इतरांसारखे मरतात.

व्यंकोजीराव : म्हणजे एकाच शत्रूला ओळखणारा द्वारपाल.

कौशल्या : द्वारपाल कसला, सर? दारातून तर आत येऊ देतो.

कल्लाप्पा : घरात घेतो, पण चूल पेटवू देत नाही.

व्यंकोजीराव : बंदी मोडलीस, पण उपमा माझ्याहून बरी आहे.

कौशल्या : सत्तावन्नच्या फ्ल्यूच्या साथीत चिकपेटेतलं आमचं सगळं घर अंथरुणाला खिळलं होतं. ठकुकाकू तेवढी उभी. सगळ्यांची पेज तीच करायची, सगळ्यांचं उष्टं तीच काढायची. तिला शिंकही आली नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे.

व्यंकोजीराव : उंदरावरून माणसावर उडी घेऊ नका.

कौशल्या : नाही घेत. प्रश्न तेवढा सांगितला.

व्यंकोजीराव : त्या साथीत आमच्या बसवनगुडीच्या घरी दोघे आजारी पडलो. माझी पत्नी सकवारबाई आणि मी. एकाच खोलीत, एकाच वैद्याचे औषध. उठलो तो मी.

कौशल्या : सर, मला हे माहीत नव्हतं.

व्यंकोजीराव : माहीत असते तर तुम्ही माझ्याशी जपून वाद घातला असता, आणि या पिंजऱ्याचे नुकसान झाले असते.

कल्लाप्पा : मग उद्याचं काय, सायेब? पिंजरे धुवायला काढू?

व्यंकोजीराव : हुकूम मी आजच रद्द करतो. लशीच्या परीक्षेला साधे उंदीर पुष्कळ आहेत. यांना उत्तरेकडची खोली द्या. तिथे माझी पुस्तके आहेत, ती मी घरी नेईन.

कौशल्या : सर, तुमची खोली कशाला?

व्यंकोजीराव : तिथे ऊन येत नाही. कल्लाप्पा, यांना स्वल्प चणे घाल. आणि मेलेल्यांना आधी हलक्या हाताने बाहेर काढ. जगलेल्यांना त्यांच्यावर उभे राहून खावे लागू नये.