भीमाबाईचा खोकला कशानं गेला

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय अप्पासाहेब, मंचावरची मान्यवर मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या डॉक्टर अरुंधती मॅडम, आणि समोर बसलेल्या मिलच्या माझ्या जुन्या साथींनो, माता-भगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम.

मी चांगदेव. मिलमध्ये कापूस पिंजण्याच्या खात्यात होतो. माझी पत्नी भीमाबाई तिथंच रद्दी कापूस निवडायची. मॅडम मिलच्या दवाखान्यात होत्या. आता त्या इंदूर सोडून लेकीकडे राहायला चालल्यात. त्यांच्याविषयी दोन शब्द बोला, असा मला आदेश आहे. सजवून बोलणं मला जमत नाही, घडलं ते सांगतो.

भीमाबाईला कोरडा खोकला होता. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेली की जास्त. तोंडात ज्येष्ठमधाची काडी, घरी अडुळसा-तुळशीचा काढा. आपल्यापैकी कोणाच्या घरी हे नव्हतं, सांगा बरं? मॅडम म्हणायच्या, "काढा घ्या, घशाला आराम पडेल. पण हिचं खातं बदला." त्या स्वतः मॅनेजरसाहेबांशी बोलल्या. खातं काही बदललं नाही.

मग मिलच बंद झाली. ते तुम्हाला माहीत आहे, ते सांगत नाही.

थोड्या दिवसांनी दौलतराव आले. व्यापारी माणूस. म्हणाले, "आता जमाना खुला झालाय भिया, धंदा करायचे दिवस आहेत." सांवेर रोडला शेड बघितली होती. अडुळसा-तुळशी-ज्येष्ठमधाचा काढा बाटलीत भरायचा, मिलचीच माणसं कामावर घ्यायची. बाटलीवर छापायचं, 'कोरडा खोकला मुळापासून बरा', आणि खाली मॅडमचं नाव. आम्ही सगळे मॅडमकडे गेलो. मी म्हटलं, "मॅडमजी, सही कर दो ना. एवढी घरं चालतील."

मॅडम म्हणाल्या, "आधी तपासून बघू."

खोकणाऱ्यांपैकी जे तयार झाले, त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला काढा, दुसऱ्याला तशाच रंगाचं, कडसर केलेलं गुळाचं पाणी. आपल्याला काय मिळतंय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. भीमाबाईचा खोकला उतरला. काढ्यानं कमाल केली, असं ती गल्लीभर सांगत सुटली.

मग मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. "दोन्ही गटांचा खोकला सारखाच कमी झालाय," त्या म्हणाल्या. "भीमाबाई, तुम्हाला गुळाचं पाणी होतं."

"मग माझा खोकला गेला कशानं?"

"मिल बंद झाली म्हणून. कापसाची धूळ छातीत जायची थांबली."

दौलतराव म्हणाले, "ये बात यहीं रहने दो, मॅडम. सही करा."

"घशाला आराम पडतो, एवढंच लिहा. आणि ज्येष्ठमध जास्त घेतल्यानं ब्लडप्रेशर वाढतं, हेही लिहा. मग करते."

दौलतराव उठून गेले. शेड उघडलीच नाही. लोक मॅडमना नाही नाही ते बोलले. कोणी सराफ्यात खाण्याचा ठेला लावला, मी चौकीदार झालो. तुला राग आला नाही का, असं विचारतात. काय सांगू? काहीच आलं नाही. मी उठलो, भाजी घेऊन घरी गेलो.

परवा मॅडमना विचारलं, आता तरी काही सिद्ध झालं का? म्हणाल्या, "लहान मुलांच्या खोकल्याला मधाचा थोडा गुण दिसलाय. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध द्यायचा नाही. अडुळशातल्या द्रव्यावरून कफ पातळ करायचं औषध निघालं. काढ्यानं कोरडा खोकला जातो, याचा पुरावा अजून कच्चाच आहे." आवाज तोच, तेव्हाचा.

भीमाबाई समोरच बसलीय. खोकला नाही. जिना चढताना धाप लागते, ती राहणार असं मॅडमनी सांगितलंय. आज निघताना मी तिला विचारलं, तुझ्याकडून मॅडमना काय सांगू?

म्हणाली, "मला पाणी दिलं होतं, हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं." मग पदर नीट करत म्हणाली, "नाही, सांगितलं ते बरं केलं. नाहीतर काढ्यानं बरी झाले असं समजून, मिल परत चालू होईल म्हणून मी वाट बघत बसले असते."

मी मात्र वाट बघत होतो. तिला ते माहीत नव्हतं. आत्ता ऐकून कळलं असेल.

मॅडम, आम्हा दोघांकडून आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, उपकार आहेत. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर मिलचा माणूस म्हणून सांभाळून घ्या. जय भीम.