आडवं खोरं

हे मी सांगायचं नाही, असं ठरलंय. तुमच्याच आईनं, नंदाआत्यानं, मला शपथ घातलीय. म्हणून हळू सांगते. आणि ऐकताना हात थांबवू नका. शेंगा फुटल्याचा आवाज बंद झाला की नंदाआत्या लगेच बाहेर येईल. आदी, शेंगा फोडायच्यात, खायच्या नाहीत. बियाणं आहे ते. आणि दाताने नको, दाण्याचं साल निघालं तर तो उगवत नाही.

ऐका. गोष्ट तुमच्या आईची आहे.

हसू नकोस, रेणू. हो, झुरळाला घाबरते ती. पण तेव्हा अठरा वर्षांची होती, आणि घाबरत नव्हती. घाबरायला लागली ती त्या रात्रीपासून.

आपली विहीर माहीत आहे ना? तिला काय म्हणतात? चौघांची विहीर. आता मोज. आपलं घर एक, तात्यांचं दुसरं, खालच्या आळीतलं तिसरं. चौथं कुठंय? मी पण आमच्या अण्णांना, म्हणजे तुमच्या मामांना, विचारलं होतं. ते म्हणाले, "नावच आहे तसं." अण्णा खोटं बोलताना कान खाजवतात. तेव्हा खाजवत होते.

तर विहिरीची पाळी ठरलेली. एकेका घराची आठ दिवसांनी एक रात्र. ज्यांची पाळी, त्यांनी आपलं जुनं खोरं पाटाच्या तोंडाशी उभं रोवायचं. खोरं उभं, म्हणजे पाणी आमचं. काम झालं की ते आडवं ठेवायचं. आडवं, म्हणजे पाळी सोडली. मग जो येईल त्याचं पाणी. कुणी कुणाशी भांडायचं नाही. आज्जीच्या सासूच्या वेळेपासूनची रीत आहे ही. म्हणून पाळीला दोन खोरी न्यावी लागतात, एक रोवायचं आणि एक कामाचं.

असेच वैशाखाचे शेवटचे दिवस होते. अंगणात गोवऱ्या रचून केलेला हुडवा अर्धा लिंपलेला, वैरणीची गंज झाकायची राहिलेली. आबाआजोबांच्या पायाला कुळवाची फास, ते लोखंडी पातं, लागलं होतं, पाय हा एवढा सुजलेला. अण्णा मिरजेला कामाला. आणि हळदीचं बेणं जमिनीत पडून चार दिवस झालेले. मालकिणीचे कानातले मोडून आणलेलं बेणं. म्हणजे आपल्या आज्जीचे. त्या रात्री पाणी मिळालं नाही, तर पुढची पाळी आठ दिवसांनी. तोवर तापल्या मातीत बेण्याचा कोळसा झाला असता.

लाईट रात्री दहाला यायची. आत्या म्हणाली, "मी जाते."

आज्जी म्हणाली, "जा, पण सडकेनं जा. करंजाच्या ओघळीनं जायचं नाही."

"का गं?"

"नाही म्हटलं ना!"

बघा, या घरात कधीच कुणी कारण सांगत नाही.

आत्या निघाली. दोन खोरी खांद्यावर, हातात बॅटरी. पण वेशीपाशी आली आणि गावात लाईट आली. एकेक मिनिट मोलाचं! सडकेनं गेलं तर अर्धा तास. ओघळीनं गेलं तर दहा मिनिटं. काय केलं असेल? ओघळीनंच गेली.

ओघळ म्हणजे खोलगट वाट, वर करंजाची दाट झाडी. वारा नाही. पान हलत नाही. आणि तिला ऐकू आलं, पाटात पाणी वाहतंय. खळखळ, खळखळ. पण मोटर तर तिनं अजून सुरूच केली नव्हती! ती थांबली. आवाज थांबला. ती चालली. आवाज चालला.

तिला वाटलं, कुणीतरी पाणी चोरतंय. तात्यांचा दिगू असणार! त्याला तशी खोड होतीच. तिनं ओरडून सांगितलं, "दिगूदादा, मला कळतंय हं!"

विहिरीवर गेली. मोटर सुरू केली. पाटाच्या तोंडाशी पाळीचं खोरं उभं रोवलं, आणि हळदीच्या सरीत जाऊन उभी राहिली. पाणी येईना. मोटरचा आवाज येतोय, पाणी येईना! परत वर गेली. बघते तर पाट मधेच फोडलेला, पाणी अंधारात दुसरीकडे चाललेलं. तिनं माती ओढली, पाण्याचं दार बंद केलं, परत खाली. पुन्हा तेच. पुन्हा वर. तिसऱ्यांदा तिनं बॅटरी नीट मारली. ऐका हं. पाट खोऱ्यानं फोडलेला नव्हता. हातानं फोडला होता. ओल्या मातीत बोटांच्या खुणा होत्या. बारीक, बायकी बोटं. आणि जाण्यायेण्याची पावलं? आत्याची स्वतःची. बाकी एकही नाही.

तरी ती दिगूलाच शिव्या देत होती. दिगू त्या दिवशी गावातच नव्हता, वऱ्हाडाबरोबर गेला होता. हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि इथं तिची चूक झाली. उन्हाळ्यात खोऱ्याचा दांडा वाळून आकसतो. म्हणून तर अण्णा आदल्या रात्री खोरं पाण्यात भिजत टाकतात. आबा आजारी, ते कोण करणार? कामाच्या खोऱ्याचा दांडा निसटला. आत्यानं काय करावं? पाळीचं खोरं उपटलं, त्यानं माती ओढली. पाणी सरीकडे वळलेलं दिसलं. तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की हातातलं खोरं तिथंच टाकून ती पाण्यामागं धावली.

खोरं कसं पडलं? बरोबर, आडवं.

दहा पावलं गेली नसेल, मागून आवाज आला. "सोडलीस पाळी?"

पाटाच्या कडेला एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर. आत्याला वाटलं, तात्यांची म्हातारी आई. ती म्हणाली, "नाही आजी, चुकून पडलं. पाळी आमचीच."

"आडवं ते आडवं."

"अहो, हळद वाळेल माझी!"

"माझं काय काय वाळलं, ते कुणी विचारलं?"

आत्यानं बॅटरी मारली. उजेड बाईवर पडला. आणि पडला तो सरळ पलीकडच्या बांधावर!

पळायला गेली तर पाय निघेना. सरीतला चिखल घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. मोटर चालूच, पण पाण्याचा एक थेंब हळदीत नाही. सगळं पाणी शेजारच्या पडीक पट्टीत. आणि ती पट्टी पीत होती. घटाघटा, माणूस पितो तशी. चिखल मांडीपर्यंत आला. आत्या ओरडली, पण रानात ऐकणार कोण? चिखल कमरेपर्यंत आला!

तेव्हा ती म्हणाली, "अर्धी रात्र तुमची, अर्धी माझी. चालेल का?"

रेणू, भुताशी घासाघीस करणारी तुझी आई एकटीच असेल.

बाई म्हणाली, "आधी माझी."

आता आत्यानं आवाज ओळखला. रडत म्हणाली, "घ्या काकी. पाणी तुमचं."

तो घटाघटा आवाज एकदम थांबला. चिखल सैल झाला. ती जी निघाली, ती चपला, बॅटरी, सगळं टाकून सडकेनं घरी. पहाटे दाराशी पडली. सात दिवस ताप. आणि हळद? अर्ध्या सऱ्या ओल्या मिळाल्या, अर्ध्या कोरड्या. अगदी मोजून मापून.

आता ती काकी कोण? आबांच्या चुलतभावाची बायको, भागूकाकी. ती पडीक पट्टी तिचीच. नवरा गेला तेव्हा तिघा घरांनी ठरवलं, बाईमाणूस रात्री पाण्याची दारं कुठं धरणार? आणि तिची पाळी वाटून घेतली. ती तरी करंजाच्या ओघळीनं येत राहिली. आपलं खोरं उभं रोवायची, बसून राहायची. तिचा डोळा लागला की कुणीतरी ते आडवं करायचं. एका वैशाखात बसल्या जागीच गेली.

आडवं कोण करायचं? मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "शेंगा फोड."

पण एवढं मला कळलंय, त्या रात्रीनंतर आबा लंगडत शेतात गेले, आणि तेव्हापासून आपल्या पाळीतला शेवटचा अर्धा तास त्या पट्टीला जातो. तिथं कुणी पेरत नाही, गुरं सोडत नाही. सगळं रान करपलेलं असतं, आणि तेवढी पट्टी हिरवी. काल तूच विचारलंस ना, आदी, तिथं काय लावलंय म्हणून?

तर करंजाच्या ओघळीनं कधी जायचं नाही. दिवसासुद्धा नाही. घाई असली तरी नाही. कळलं?

आता अजून एक. हे आत्यालाही माहीत नाही. मागच्या पाळीला अण्णांनी पट्टीचं दार मोडायला, म्हणजे पाणी तिकडं सोडायला, मला पाठवलं होतं. तो अर्धा तास माझ्याकडे होता. मी अर्ध्या वाटेवरून परत आले. भीती वाटली. अण्णांनी विचारलं, "सोडलंस पाणी?" मी म्हटलं, "हो."

आज आपली पाळी आहे. संध्याकाळी अण्णांनी माझ्यासमोर खोरं उभं रोवलं, चांगलं वीतभर खोल. मग मी म्हशीला पाणी दाखवून परत येत होते, तिथं कुणी नव्हतं, आणि मी पाहिलं तर ते—

"कावे! ए कावेरी! लाईट आली, बॅटरी घेऊन चल लवकर. आणि मी रोवलेलं पाळीचं खोरं तू आडवं करून ठेवलंस का गं?"